घर असताना लॉज

शकुंतलाबाईच्या हातात कणकेची परात होती म्हणून निभावलं. मोबाइल असता तर तिनं तो दादारावच्या टाळक्यातच घातला असता.

"कॅन्सल केलं? काय कॅन्सल केलं?"

"लॉज," दादाराव बूट काढता काढता म्हणाला. "भाऊचा फोन आलता. गंज नाराज झाले बाप्पा. म्हणे, मी भोपाळात मेलो का? माही पुतणी लॉजवर पडून राहीन अन् मी घरी भाकर खाईन? मंग म्या त्या लॉजवाल्याले फोन लावला. सांगतलं, नाही येत आमी."

एवढं बोलून तो हातपाय धुवायला मोरीकडे निघाला. काय माणूस आहे! पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला आहे, अर्ध्या गावाचे नळ याच्या हातानं सुटतात, पण भावापुढं याच्याच तोंडाला कुलूप. अन् भाऊ तरी सख्खा आहे का? नाही. यशवंतराव चुलत भाऊ, वयानं मोठे, भोपाळला सरकारी कचेरीत साहेब झालेले. भाऊ म्हणाले उठ, की हा उठला. भाऊ म्हणाले बस, की बसला.

"त्याईले लॉजचं सांगतलं कोनं?" शकुंतलाबाईनं विचारलं.

दादाराव थांबला. "म्या सांगतलं. सांगा तर लागतेच न. आपल्या माणसाच्या गावाले जाऊन राहिलो अन् कळवाचं नाही?"

हे एक आमच्याकडचं. भोपाळ असो, पुणं असो, तिथं कोणी नात्यातलं असलं की गाडीत बसायच्या आधी त्याला फोन गेलाच पाहिजे. आणि फोन गेला की त्याच्याच घरी उतरलं पाहिजे, आणि उतरायचं तर हातात संत्र्याची बोरी पाहिजे. घर असताना लॉजवर उतरणं म्हणजे त्या माणसाच्या दारात उभं राहून त्याच्या तोंडावर थुंकणं. हे सगळं दादारावला ठाऊक होतं. तरी यानंच फोन केला! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

करुणा आतल्या खोलीत बॅग भरत होती. सौसरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे ती. रोज स्टँडावरून बस धरायची, दिवसभर लोकांच्या सलाइनी लावायच्या, आणि घरी आली की पुस्तक. सरकारी नर्सची भरती किती वर्षांनी निघाली होती. परवा भोपाळला पेपर, उद्याची गाडी. तिनं सगळं ऐकलं आणि काहीच म्हणाली नाही. तिच्या त्या गप्प राहण्यानं शकुंतलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण ती लॉज काही अशी रस्त्यावर सापडली नव्हती. मायलेकींनी ती निवडली होती, तांदळातले खडे निवडावेत तशी. रोज जेवणं झाली की मोबाइल घेऊन बसायच्या. फोटोत सगळ्याच खोल्या राजवाडे. एका पलंगावर तर टॉवेलचा हंस करून ठेवलेला.

"हंस पाहून काय करू?" शकुंतलाबाई म्हणाली होती. "दाराची कडी दाखव म्हणा."

स्टेशनाजवळची एक स्वस्तातली लॉज जवळजवळ ठरलीच होती, पण खाली लग्नाचा हॉल निघाला. कोणी तरी लिहून ठेवलं होतं की रात्रभर डीजे वाजतो आणि खाट हलते. दुसरी सेंटरच्या अगदी बाजूला दिसत होती, पण मध्ये रेल्वेचे रूळ. पूल कुठं आहे हे विचारलं तर फोनवरचा माणूसच गोंधळला. तिसऱ्याचं भाडं ऐकून शकुंतलाबाईनं नमस्कार करूनच फोन ठेवला. शेवटी मिळाली ती नवरंग लॉज. लहान, जुनी, भाडं झेपेल असं, आणि बाहेर पडलं की सरळ रस्त्यावर शाळेचं गेट, जिथं पेपर होता. शकुंतलाबाईनं आपल्या मोडक्या हिंदीत त्या मॅनेजरचा जीव खाल्ला होता. कडी आतून लागते का? दोन बाया एकट्या आल्या तर खोली देता की दारातूनच वाटेला लावता? सकाळी गरम पाणी सहाला येते की तुमचा माणूस उठल्यावर? तो बिचारा शेवटी म्हणाला, "माताजी, बिटिया की शादी करनी है क्या यहाँ?"

"शादी नहीं, पेपर है," ती म्हणाली होती. "शादी होती तो इतना नहीं पूछती।"

आणि ती लॉज या माणसानं भिडेपोटी घालवली. भीड भिकेची बहीण, खोटं नाही.

"करुणाचे बाबा, इकडं या," तिनं हाक मारली. परात बाजूला सरकवली. "बसा."

"अवो, पण भाऊच्या घरी काय कमी आहे? खोल्या आहेत, गाडी आहे. त्याईचा वैभव सोडून देईन तिले सेंटरवर..."

"वैभव!"

आतून करुणा आली. "आई, राहू दे न वं."

"नाही राहू देत. तीन वर्षं राहू देलं. तू शपथ घातली म्हणून गिळत राहिली मी. आता घशाशी आलं." ती नवऱ्याकडे वळली. "मांगच्या वेळी पोरगी नापास झाली म्हणता न तुमी? येता जाता म्हणता, या वेळी तरी नीट अभ्यास कर. ती नापास नाही झाली. ती पेपरले बसलीच नाही."

दादाराव परातीशेजारी खाली बसला.

"भाऊच्याच घरी उतरली होती न? त्या दिवशी त्याईच्याकडं पाहुणे. तुमच्या वहिनीनं, सुचिताबाईनं, हिच्या हातात लाटणं देलं. 'करुणाच्या पोळ्या किती मऊ होतात!' ही लाटत बसली, ते जेवत बसले. मंग भांडे. मंग हॉलमधी गादी टाकून देली, टीव्हीच्या खाली. पुस्तक बॅगेतच राहिलं. सकाळी ही तयार होऊन बसली, तर वैभवची आंघोळ. मंग वैभवचा चहा. मंग स्कूटरमधी पेट्रोल नाही. अन् तुमचा भाऊ पेपर वाचता वाचता म्हणते, 'कायले घाबरतं, इथंच तर आहे!' इथंच! त्याईचं घर शहराच्या एका टोकाले, सेंटर दुसऱ्या टोकाले. पोहोचली तवा गेट बंद."

"मले काहून नाही सांगतलं?" दादारावनं विचारलं.

"पोरीनं सांगू देलं नाही. म्हणे, बाबाचं भावाशी तुटीन. तुमी भावाच्या घराले विहार समजता न, म्हणून. अन् भाऊनं तुमाले फोन करून काय सांगतलं? 'पोरीले पेपर भारी गेला.' वैभवनं घरी जाऊन सगळं सांगतलं होतं त्याईले. माहीत होतं सगळ्याईले. लोधीखेड्याच्या लग्नात चार माणसांत बसून म्हणाले, पोरगी हुशार आहे पण मन लावत नाही. मी तिथंच वाढून राहिली होती. वरणाचं भांडं होतं हातात. ओतलं नाही, हे त्याईचं नशीब."

दादाराव करुणाकडे बघत होता. करुणा जमिनीकडे.

तेवढ्यात त्याचाच मोबाइल वाजला. भोपाळ. त्यानं सवयीनं स्पीकर लावला. पलीकडून सुचिताबाई, आवाजात नुसती साखर.

"जयभीम भाऊजी! बरं झालं बाई, तुमी लॉजचं खूळ सोडलं. करुणाले म्हणा, सकाळचीच गाडी पकड. उद्या आमच्या नातवाचा वाढदिवस ठेवला आहे. पन्नास-साठ माणूस होईन. माहे तर घुटने दुखून राहिले. तिचा हात लागला का मले काही पाहा लागत नाही."

"हाव वहिनी," तो म्हणाला, "ठेवतो." आणि ठेवला.

हाव! अजूनही होच म्हणतो! शकुंतलाबाईला हसावं की रडावं कळेना.

"मी कसं सांगू भाऊले?" तो म्हणाला. खरंच रडकुंडीला आला होता. "लहानपणी त्याईनं मले..."

"नका सांगू. तुमी काहीच सांगू नका. फक्त आता त्या फोनले हात लावू नका."

तिनं नवरंग लॉजला फोन लावला. मॅनेजरनं आवाज ओळखला. ती खोली तर गेली, म्हणाला. एकच उरली आहे, जिन्याखालची, खिडकी नाही.

"कडी लगती है?"

"लगती है, माताजी."

"फिर रखो. और मेरे सिवा कोई भी फोन करे, कैंसल मत करना. मेरा आदमी करे तो भी नहीं."

दुसऱ्या दिवशी दादाराव दोघींना स्टेशनावर सोडायला आला. सोबत संत्र्याची बोरी. शकुंतलाबाईनं कपाळाला हात लावला. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं! ही बोरी वाहायची कोणी?

"भाऊ स्टेशनवर येनार आहेत," तो खाली बघत म्हणाला. "गाडीचं त्याईले आधीच सांगून ठेवलं होतं म्या." मग करुणाच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहिला.

भोपाळला यशवंतराव फलाटावरच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, चाव्या बोटात. नात्यानं ते शकुंतलाबाईचे भासरे, थोरले दीर. लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांच्यापुढं पदर डोक्यावर, आवाज खाली, प्रश्न विचारला तरच उत्तर. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी सलग दोन वाक्यं बोलली नसेल.

"या, या! जयभीम!" त्यांनी सरळ करुणाच्या बॅगेलाच हात घातला. "चल बेटा, गाडी बाहेर आहे. काकू वाट पाहून राहिली तुही."

शकुंतलाबाईनं बॅगेचा दुसरा पट्टा धरला.

"भाऊ, बॅग सोडा."

त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"आमी लॉजवर चाललो. उद्या पोरीचा पेपर आहे."

"अरे, पण दादाराव तर म्हणाला... आणि पेपरचं काय, सेंटर तर इथंच आहे, वैभव..."

"इथंच होतं मांगच्या वेळी पण." तिचा आवाज चढला. दोन हमाल थांबून बघायला लागले, तरी तिनं तो उतरवला नाही. "गेट बंद झालं तवा पोरगी कुठं होती, तुमाले माहीत होतं भाऊ. तरी तुमी गावभर सांगतलं का पेपर भारी गेला. तुमच्या पोळ्या लाटता लाटता माह्या पोरीचे तीन वर्षं गेले. कोनी एका शब्दानं म्हणालं नाही का बाई, आमचं चुकलं."

यशवंतरावांचा चेहरा लाल झाला. इकडंतिकडं बघत ते हळू म्हणाले, "शकुंतला, लोक पाहून राहिले. घर असताना लॉजवर उतराल, तर समाज काय म्हणीन?"

तिनं बोरी पायानं त्यांच्याकडे सरकवली.

"हे घ्या संत्रे. पांढुर्ण्याचे आहेत, गोड आहेत. वाढदिवसाले वाटा. पोरगी नाही भेटत."

आणि करुणाचा हात धरून निघाली. जिना चढताना मागं वळून पाहिलं नाही. पदर डोक्यावरून कधी घसरला हेसुद्धा तिला लॉजवर पोहोचल्यावर कळलं.

जिन्याखालची खोली कोंदट होती. माणसं वर चढली की डोक्यावर धाडधाड व्हायचं. करुणानं पलंगावर पुस्तकं पसरली आणि वाचत बसली. शकुंतलाबाईनं कडी लावून पाहिली, काढून पाहिली, परत लावली.

सकाळी त्या गेटवर पोहोचल्या तेव्हा चौकीदार अजून झाडत होता. करुणा सगळ्यात आधी आत गेली. आत जाताना एकदाच वळून बघितलं. शकुंतलाबाई समोरच्या ओट्यावर बसली. राग उतरायला पाहिजे होता, पण उतरत नव्हता. नुसता रिकामा होऊन आत फिरत होता, कोणावर जावं हे त्याला कळत नव्हतं.

घंटा झाली. चौकीदारानं गेट ओढलं, साखळी घातली.

आणि तेवढ्यात स्कूटर आली. मागं एक पोरगी, हातात पारदर्शक पिशवी, त्यात पेन आणि कागद. स्कूटर थांबायच्या आतच तिनं उडी मारली. गेटचे गज धरले. "भैया, एक मिनट! भैया!" चौकीदारानं मान हलवली आणि आत निघून गेला. स्कूटरवाल्यानं मोबाइलमध्ये वेळ पाहिली, "अब क्या करें, जाम था," असं म्हणाला, आणि स्कूटर सावलीत लावायला जागा शोधू लागला.

पोरीनं गज सोडले नाहीत. आवाजही केला नाही. नुसती उभी होती.

तीन वर्षांपूर्वीचं हे सगळं शकुंतलाबाईनं फक्त ऐकलं होतं, "गेट बंद झालं आई," एवढ्याच शब्दांत. पाहिलं आज. ती उठली, गेटशी गेली आणि दोन्ही हातांनी ते लोखंड बडवलं. "खोलो! अरे खोलो न! पोरगी उभी आहे इथं!" कोणी आलं नाही. हात लाल झाले.

मग ती त्या पोरीजवळ गेली. तिला धरून ओट्यावर बसवलं, पदरानं तिचं तोंड पुसलं. पोरीच्या नखांत कणीक होती, वाळलेली. शकुंतलाबाईनं ते पाहिलं, तरी विचारलंच.

"कहाँ उतरी थी बेटा?"

"मौसी के घर," पोरगी म्हणाली.