नवव्या प्रकरणातला आकडा

महादेवराव रेवतकरांनी आपली कादंबरी जनरेटरच्या खोलीत बसून लिहिली. धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्याच्या तळघरात दोन मोठी जनरेटरं, एक लोखंडी टेबल आणि एक कुरकुरता पंखा. लाइट गेली की मशीन सुरू करायची, आली की बंद करायची. नौदलात बावीस वर्षं पाणबुडीच्या इंजिनापाशी काढलेल्या माणसाला हे काम म्हणजे पोरखेळच. मशीनचं कुठं दुखतंय हे ते मीटर न बघता नुसता तळहात टेकवून सांगत. दवाखान्याचे इंजिनिअर हसायचे, पण महादेवरावांचा हात कधी चुकला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांची जुनी बोट सेवेतून काढली. पाणबुडीवाले पाणबुडीला बोटच म्हणतात. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, की आता तिचे तुकडे करून लोखंड विकणार. त्या दिवशी महादेवराव जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी तीन वह्या आणल्या आणि लिहायला बसले: मोडीत निघालेली पाणबुडी, तिच्यात दडवलेले कागद, मागावर असलेले परदेशी हेर, आणि शेवटच्या प्रकरणात समुद्रात बुडून मरणारी रुक्मा नावाची नरखेडची नर्स. नरखेडची नर्स समुद्रापर्यंत कशी पोचली ते विचारू नका. कादंबरी एकूण बेतासबात होती, हेर तर अगदीच बावळट. पण इंजिनरूमची पानं मात्र अस्सल उतरली होती. ती वाचताना डिझेलचा वास यायचा.

त्या पानांत, नवव्या प्रकरणात, एक आकडा होता. पाणबुडीला पुढं ढकलणारा पाठचा पंखा एका ठरावीक वेगानं फिरला की त्याचा दांडा गुणगुणायला लागायचा. आत बसलेल्यांना ते जाणवायचंही नाही, पण पाण्यात कान लावून बसलेल्या शत्रूला मैलोन् मैल ऐकू जायचं. म्हणून तो वेग टाळायचा. हे कुठल्याही कागदावर नव्हतं. जुना माणूस नव्याचा हात धरून भिंतीवर टेकवायचा आणि कानात आकडा सांगायचा. मीही तो इथं लिहीत नाही, एकदा लिहून झाला तेवढा पुरे.

बोटच राहिली नाही तर आकडा कोणाच्या काय कामाचा, असं महादेवरावांना वाटलं. त्याच घडणीच्या तीन बोटी अजून पाण्यात होत्या, आणि त्यातल्या एकीवर त्यांचा एकुलता एक मुलगा ऋषिकेश होता. हे त्यांच्या डोक्यात आलं नाही? मलाही पटत नाही, पण खरंच आलं नाही. माणूस स्वतःच्याच लिखाणावर भाळला की त्याला नाकासमोरचं दिसत नाही. शिवाय बापलेकांत बोटीचा विषयच नसायचा. पाणबुडीवाल्यानं घरी तोंड उघडायचं नाही हा नियम दोघांनी इतका पाळला, की सुट्टीवर आलेला ऋषिकेश बापाशी तासभर संत्र्याच्या आंबिया बहाराबद्दल बोलायचा आणि झोपायला जायचा.

तीन प्रकाशकांनी वह्या परत पाठवल्या. मग त्यांनी दोन पानं फेसबुकवर टाकली, आणि आठवड्यात नूपुर नावाच्या बाईचा फोन आला. आपण एका नव्या प्रकाशनाच्या संपादक आहोत, म्हणाली. आवाज गोड, मराठी स्वच्छ. ती त्यांना ‘लेखक’ म्हणायची. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कोणी हरभऱ्याच्या झाडावर चढवत होतं, आणि महादेवराव भराभरा चढत गेले. चारशे बारा पानांचे फोटो काढून त्यांनी तिला पाठवले.

रविवारी अकरा वाजता धरमपेठेतल्या एका कॉफीच्या दुकानात ती त्यांना भेटली. तिशीची असेल. तिच्यापुढे कागदांची चळत होती.

“काका, ते नववं प्रकरण म्हणजे कमाल आहे. तो आकडा कल्पनेतला की खरा?”

“कल्पना कायची? या हातानं ऐकला आहे,” महादेवरावांनी तळहात पुढं केला.

“फक्त तुमच्याच बोटीचा? की तिच्या बहिणींचाही?”

“सगळ्या बहिणी एकाच सुरात गातात,” ते म्हणाले. वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडलं. त्या भरात त्यांनी विचारलं, “अन् रुक्माचा शेवट कसा वाटला तुमाले?”

“फार गोड,” नूपुर हसली. “लग्न झालं ते बरं वाटलं.”

महादेवरावांनी कप खाली ठेवला. खरं सांगायचं तर आधी त्यांना भीती वाटली नाही, अपमान वाटला. हिनं कादंबरी वाचलीच नव्हती. ज्या रुक्माला मारताना ते जनरेटरच्या आवाजात रडले होते, तिचं या बाईनं लग्न लावून दिलं होतं. मग त्यांनी कागदांच्या चळतीकडं पाहिलं. तिथं फक्त इंजिनरूमची पानं होती, आणि नवव्या प्रकरणातल्या आकड्याभोवती लाल गोल होता. पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा.

त्यांच्या चेहऱ्यावरून तिनं ओळखलं असावं. कागद पिशवीत घालून ती “आलेच” म्हणून उठली. कॉफी गार झाली तरी आली नाही. फोन लावला तर बंद.

घरी त्यांच्या पत्नी सुभद्राबाई तूर निवडत होत्या. महादेवरावांनी दार लावून सगळं सांगितलं. त्या ताटलीतले खडे बाजूला करत राहिल्या, मग हात थांबला.

“सकाळी ऋषीचा फोन आल्ता,” त्या म्हणाल्या. “परवापासून फोन लागनार नाही म्हने.”

याचा अर्थ त्या घरात कोणाला सांगावा लागत नव्हता. परवा बोट निघणार होती.

“मी पोलिसात जाऊन राहिलो,” महादेवराव म्हणाले.

“जाऊ नका वो! तुमाले आत टाकतीन. पोराची नोकरी जाईन. कोनाले माहीत आहे का आतापर्यंत?”

“ज्यायले नको त्यायले माहीत आहे वं! नोकरी गेली तर पोरगं घरी येईन. ते पान्याखाली असलं अन् कोनी ऐकून राहिलं असलं, तर काय येईन घरी?”

सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला, पण अडवलं नाही.

पोलिसांनी त्यांना त्याच दिवशी दिल्लीहून आलेल्या गुप्तचर खात्याच्या माणसांच्या ताब्यात दिलं. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात चार दिवस प्रश्न चालले. ती कुठल्या देशाची, किती दिलं, आणखी कोण आहे? काहीच घेतलं नाही, हे कोणाला पटेना. नुसत्या कौतुकासाठी माणूस एवढं देतो यावर विश्वास ठेवणं त्यांना जड गेलं. महादेवराव एकच विचारत राहिले: बोट थांबवली का? उत्तर कोणी देत नव्हतं. 

पाचव्या दिवशी दार उघडलं आणि ऋषिकेश आत आला. साध्या कपड्यात, दाढी वाढलेली. महादेवरावांचा जीव भांड्यात पडला. पोरगा कोरडा होता, जमिनीवर होता. बाकी जगाचं काही होवो.

“दहा मिनिटं दिली,” ऋषिकेश बसत म्हणाला. “तिन्ही बोटी बंदरात थांबवल्या. मले उतरवलं. आता पुन्हा बोटीवर घेनार नाहीत.”

“माझ्यापाई झालं गा, बाबू.”

“तिनं धमकावलं होतं का तुमाले?”

“नाही.”

“मंग काहून सांगितलं?”

महादेवरावांनी तळहात टेबलावर टेकवला. “ते बाई इचारे,” ते म्हणाले. “मंग काय झालं, मंग तुमी काय केलं, तुमाले भेव नाही वाटलं का. रोज इचारे. बावीस वर्षांत मले कोनी इचारलं नव्हतं.”

ऋषिकेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडतोय असं वाटलं, पण हात काढले तेव्हा डोळे कोरडे होते.

“पहिल्यांदा बोट खाली गेली तवा मी इतका भेलो होतो, का रात्रभर पाय थरथरत होते,” तो म्हणाला. “सुट्टीत घरी आलो तवा तुमाले एवढंच इचारायचं होतं, का तुमचंबी असंच झालं होतं का. सात वर्षं इचारायचं होतं, बाबा. तुमालेच नियम मोडायले लागू नये म्हनून नाही इचारलं.”

आपलेही पाय थरथरले होते हे सांगायला महादेवरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात शिपायानं दार लोटलं, वेळ संपल्याचं सांगितलं आणि ऋषिकेशला दंडाला धरून उठवलं.