खोक्यातली भर

मी एक म्हातारा कोंबडा आहे, मित्रांनो. माझ्या तुऱ्याची टोके थंडीने काळी पडून गळली आहेत, डाव्या पायाचे एक नख नाही, आणि मऊ जागेवर मी पाय ठेवत नाही. आमच्या मालकीण आर्डिसबाई खुराड्यात ताजा पेंढा पसरतात तेव्हा कोंबड्या त्यात आनंदाने रुतून बसतात. मी उघड्या फळीवर उभा राहतो. बाई म्हणतात, हा जरा चक्रमच आहे. मी चक्रम नाही. त्याला कारण आहे, आणि ते सांगायचे तर पहिल्या दिवसापासून सांगावे लागेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मला कुणी मागवले नव्हते.

माझा जन्म अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एका मोठ्या उबवणी केंद्रात झाला. तिथे लोखंडी कपाटे असतात आणि एकेका कपाटात हजारो अंडी. आत साडेसदतीस अंश तापमान, एकवीस दिवस. यंत्र ठरलेल्या वेळी अंडी कलती करते. कोंबडीही तेच करते, पण ती करताना अंड्यांशी बोलते. यंत्र बोलत नाही. त्यामुळे बाहेर येईपर्यंत मला आईचा आवाज म्हणजे पंख्याची घरघर वाटत होती.

अंग वाळले न वाळले तोच आम्हाला एका टेबलावर ओतले. ओतले हाच शब्द बरोबर आहे. मका ओततात तसे. टेबलाशी बसलेल्या माणसाने मला उचलून अंगठ्याने पोट दाबले. आतली घाण पिचकारीसारखी समोरच्या डब्यात उडाली. मग त्याने माझी शेपटीखालची जागा उलटी करून दिव्याखाली पाहिली आणि मला डावीकडच्या पाटीत फेकले. एवढ्याला तीन सेकंद लागले. त्या डब्यात सकाळपासून आम्हा सगळ्यांची घाण साचली होती आणि डब्याशेजारीच त्याचा कॉफीचा कप होता. तो मधूनमधून घोट घेत होता.

उजव्या पाटीत माद्या, डाव्या पाटीत नर. माद्यांच्या डोक्यावर निळ्या रंगाचा ठिपका लावत. नरांवर कुणी रंग वाया घालवत नसे. आमची जात अंड्यांची. तिच्यातला नर अंडी देत नाही आणि अंगाला मांसही धरत नाही. डावी पाटी भरली की ती एका सरकत्या पट्ट्यावर रिकामी करत. पट्ट्याच्या टोकाला एक यंत्र होते. ते मी पाहिले नाही, फक्त ऐकले. चिवचिव त्या आवाजात शिरायची आणि पलीकडून बाहेर यायची नाही. तुम्ही लहान आहात हे मला माहीत आहे. पण ऑम्लेट तुम्हीही खाता, म्हणून सांगितले.

आमची पाटी उचलली जाणार तेवढ्यात खोके भरणाऱ्या बायकांपैकी एक ओरडली, "अरे थांब, मला भर हवीय!"

"किती?"

"एकोणीस. सहा माद्यांची ऑर्डर आहे, नॉर्थ डकोटाची. तिकडं अजून बर्फ आहे."

"सहाच? सहा कोण मागवतं?"

"असेल कुणी. कागदावर खूण केलीय बघ, उबेला जादा पिल्लं चालतील म्हणून. घे, घे, कुठलीही घे."

सहा पिल्ले एकटी पाठवली तर वाटेत गारठून मरतात. पंचवीस असली की एकमेकांच्या अंगाने खोका गरम राहतो. म्हणून सहा पिल्लांभोवती आणखी एकोणीस कोंबतात. काचेचे सामान पाठवताना भोवती भुसा भरतात ना, तसा भुसा म्हणजे मी. त्या बाईच्या मुठीत मी आलो, माझ्या शेजारचा आला नाही. यात माझे काहीच कर्तृत्व नव्हते.

अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून काढते. घरट्यातली मागची अंडी फुटेपर्यंत आईला उठावे लागू नये, म्हणून ही सोय. माणसांनी ती सोय टपालाला जुंपली; आमच्याकडे जिवंत पिल्ले खोक्यात घालून टपालानेच पाठवतात. आम्ही ट्रकमध्ये बसलो, विमानात बसलो, मग कुठल्याशा गोदामाच्या थंडगार फरशीवर आमचा खोका बराच वेळ पडून राहिला. भोकांतून वारा आत येत होता. कोपऱ्यात जी तीन पिल्ले होती ती आधी ओरडली, मग गप्प झाली. बाकीचे आम्ही त्यांच्याकडेच सरकलो, कारण ती पुठ्ठ्यापेक्षा गरम होती. मी एकाच्या अंगावर चढलो. तो मऊ होता. पायाखाली तो हळूहळू गार होत गेला, तरी मी उतरलो नाही. अंगाखाली आमची घाण, नाकात तिचा झणझणीत वास, आणि पायाखाली तो. मित्रांनो, पुढे मी पुष्कळ किळसवाणे पाहिले. पण त्यातले हे एक मी स्वतः केले आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका लहानशा टपाल कार्यालयात आमचा खोका पोहोचला. टपालमास्तर मर्ल यांनी लगेच फोन फिरवला. "आर्डिस, ये आणि तुझं गायनमंडळ घेऊन जा. माझं डोकं उठलंय."

आर्डिस क्लेवन आल्या तेव्हा त्यांच्या बुटांना चिखल होता आणि अंगावर नवऱ्याचा जुना कोट. त्यांचे यजमान हार्लन आदल्या वर्षी वारले होते. ते होते तेव्हा दर वसंतात पंचवीस माद्या मागवत आणि कागद तेच भरत. या वेळी बाईंनी पहिल्यांदा भरला होता. एकट्या जिवाला सहा कोंबड्या पुरेत.

"इथंच उघड," मर्ल म्हणाले. "जिवंत किती, मेलेली किती, मला लिहावं लागतं."

झाकण उघडले. वास वर आला तशा बाई त्यांच्या नॉर्वेजियन बोलीत उद्गारत मागे सरकल्या. "उफ् डा! अरे, ही एवढी कुणाची? मी सहा मागवली होती."

"सहाच आहेत. निळे ठिपके मोज."

"मग बाकीची?"

"भर. तूच खूण केली असशील. फुकट असतात."

"मला वाटलं, उबेला चार पिल्लं जास्त, फुकट, तर असू देत. यात विचार काय करायचा!" त्यांनी कोपऱ्यात बोट घातले आणि पटकन काढून घेतले. "मर्ल, ही तीन मेलीत."

मर्ल यांनी वाकून पाहिले. "ठिपका आहे का?"

"नाही."

"मग तुझी सहाच्या सहा जिवंत आहेत." त्यांनी कागदावर लिहिले आणि मोठ्याने वाचले, "मेलेली, शून्य."

"शून्य? तुझ्या डोळ्यांसमोर पडलीत ती!"

"मागवलेली तेवढीच मोजायची, आर्डिस. नियम मी नाही केला." मग त्यांनी नाक दाबून ती तिन्ही पिल्ले कागदात गुंडाळली आणि टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकली. टोपलीत जुनी पाकिटे होती आणि कुणीतरी अर्धा टाकलेला डोनट होता. बाई त्या टोपलीकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ असे आखडले होते जणू काही कडू तोंडात गेले आहे आणि थुंकायला जागा नाही.

घरी त्यांनी आम्हाला गुरांना पाणी पाजायच्या पत्र्याच्या टाकीत, लाल दिव्याखाली ठेवले. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवली. प्रवासाने आमच्यातल्या बऱ्याच जणांची शेपटीखालची जागा वाळलेल्या घाणीने बंद झाली होती. तशी राहिली तर पिल्लू दोन दिवसांत मरते. बाईंनी कोमट पाणी आणि कापूस घेतला. ठिपकेवाली सहा झाली. मग त्या थांबल्या, मला उचलले, आणि माझीही घाण भिजवून भिजवून काढली. चेहरा वाकडा करूनच काढली. पण काढली.

त्यांचे दीर आर्विद कॉफीला आले होते. ते टाकीत डोकावले. "सोळा नर? ह्यांचं करणार काय? बादलीत बुडव. दोन मिनिटांचं काम आहे."

"माझ्या घरात नाही."

"मग दाणे घाल सोळा आळशांना. आणि शरद आला की मलाच हाक मारशील."

"मारीन तेव्हा बघू. कॉफी घे आणि गप्प बस."

आर्विद यांचे म्हणणे खरे ठरले. जुलैपर्यंत आम्ही सोळा जण आरवू लागलो आणि अंगणाची पार घाण झाली. सहा कोंबड्यांवर सोळा कोंबडे म्हणजे काय होते हे शास्त्र सांगते. मी तपशील टाळतो. कोंबड्यांच्या पाठीची पिसे गेली, कातडे लाल झाले, एकीची बरगडी दिसू लागली. तिच्या डोक्यावर लहानपणी निळा ठिपका होता, माझ्या उबेने ती नॉर्थ डकोटात पोहोचली होती, आणि आता तिचे रक्त काढणाऱ्यांत मीही होतो. आर्डिसबाई तिच्या पाठीला मलम लावत आणि आमच्याकडे बघत. आम्हाला मारावे तर त्यांचा हात उचलत नव्हता, ठेवावे तर कोंबड्या मरत होत्या. हार्लन असताना सुरी हार्लन धरत.

ऑगस्टमध्ये त्यांनी आर्विदना हाक मारली. पण सुरी त्यांच्या हाती दिली नाही.

"खूण मी केली होती," त्या म्हणाल्या. "तू फक्त पाणी गरम ठेव."

त्या सकाळी आमच्यातले पंधरा गेले. उकळत्या पाण्यात भिजलेल्या पिसांचा वास तुम्ही घेतला नसेल तर बरे. बाईंनी मधे दोनदा कुंपणाशी जाऊन ओकारी काढली आणि परत येऊन पुढचा उचलला. सोलून झाल्यावर आर्विद यांनी एक हातात धरून फिरवला. "हाडंच हाडं! ह्यात खायचं काय? ह्यांचं सूपसुद्धा रडत रडत होईल."

"तरी होईल," बाई म्हणाल्या. "एकही फेकायचा नाही."

मी कसा उरलो? मला निवडले नाही. मी धान्याच्या पिंपामागे होतो आणि पंधरावा झाल्यावर बाईंनी मुठीतली सुरी खाली ठेवली. "एक राहू दे," त्या म्हणाल्या, "कोंबड्यांना राखणीला." इतकेच. माझ्या आयुष्यातला हा दुसरा योगायोग, आणि तोही कुणाच्या तरी मुठीचाच.

फेब्रुवारीत उबवणी केंद्राचा कागद पुन्हा आला. त्या वर्षी थंडीमुळे मला स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत ठेवले होते, माझ्या तुऱ्याला रोज व्हॅसलीन लागायचे, त्यामुळे सगळे मी ऐकले. बाईंना आणखी सहाच पिल्ले हवी होती. पेन्सिल घेऊन त्या जादा पिल्लांच्या त्याच ओळीवर थांबल्या. मग त्यांनी फोन उचलला.

"मर्ल, तुझ्या फळ्यावर एक कागद लाव. पिल्लं कुणाकुणाला हवीत, किती हवीत, नाव लिहा म्हणावं. पंचवीस भरली की एकच ऑर्डर."

"लोक पिल्लं आपापली मागवतात, आर्डिस. शेजारणीची जात वेगळी, तिचा महिना वेगळा. कोण जमणार?"

"तू कागद लाव रे."

दोन आठवडे त्या कागदावर एकच नाव होते. मग चर्चमधल्या ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी चार लिहिली. शाळेच्या स्वयंपाकिणीने आठ. अठरा झाली आणि तिथेच अडली. मुदतीच्या आदल्या दिवशी आर्विद आले, खुर्चीत बसले आणि कॉफीत साखर ढवळत राहिले.

"सात लिहिलीत मी," ते म्हणाले.

"तू? तुला कोंबड्यांचा वास सहन होत नाही."

"अजूनही होत नाही," ते म्हणाले. "पण ते सूप मला चार महिने पुरलं, आर्डिस. दर चमच्याला ते पंधरा आठवायचे. परत नको ते."

एप्रिलमध्ये खोका आला. पंचवीस पिल्ले आणि पंचवीस डोक्यांवर निळे ठिपके. आर्डिसबाई त्यांच्या वाट्याची सहा घेऊन अंगणात आल्या तेव्हा आर्विद पत्र्याची टाकी घासत होते.

"किती मेली?" त्यांनी विचारले.

"दोन." बाईंनी कोटाच्या खिशातून ती दोन गुंडाळलेला रुमाल काढला. "मर्लनं लिहिलंय. शून्य नाही. दोन."

मित्रांनो, यातून जग सुधारले असे मी म्हणणार नाही. आयोवातल्या त्या टेबलावर डावी पाटी आजही भरते, आणि त्या पंचवीस माद्यांमागे पंचवीस नर पट्ट्यावर गेलेच असतील. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूपुढे खूण करताना तुम्ही एकदा थांबा. तुमच्या मागवलेल्या सहांभोवती खोक्यात आणखी कोण आहे, हे विचारा. आणि मेलेले मोजायची वेळ आली, तर सगळे मोजा.

त्या दिवशी बाईंनी कुंपणाजवळ, गोठलेली जमीन जिथे थोडी सुटली होती तिथे, खुरप्याने खड्डा करून तो रुमाल पुरला. आता तिथे गवत आहे. कोंबड्या तिथे किडे उकरतात. तिथली माती अजून मऊ आहे. मी वळसा घालून जातो.