तेलविहीर बंद ठेवली तेव्हा

नॉर्थ डकोटातली ती नवी तेलविहीर पहिल्या आठवड्यात अशी वाहिली, की डॅलसच्या साहेबांनी फोनवरच शिट्टी मारली. अठ्ठ्याऐंशी सालचा हिवाळा होता. इंजिनिअर चारुदत्त मात्र हुरळला नाही. विहीर शेलमध्ये खोदलेली, आणि शेल म्हणजे घट्ट दगड. आधी येतं ते भेगांत साचलेलं तेल. पूर्वरंग कुणीही रंगवतो, कीर्तनकाराचा कस लागतो तो उत्तररंगात.

झालंही तसंच. धार झपाट्याने उतरली. आता दगड आतून तेल देतोय का, हे कळायला एकच उपाय: विहीर बंद करायची आणि दाब चढतो का ते बघत बसायचं. दाब अडला, तर विहीर संपली आणि चारुदत्त मोकळा, घरी, डॅलसजवळ अर्विंगला. चढत राहिला, तर शेजारी दुसरी विहीर खोदायची आणि त्याने वसंत ऋतूपर्यंत इथंच राहायचं.

घरी शनिवारी त्र्यंबकबुवांचं कीर्तन होतं. त्याच्या बायकोने, सुनेत्राने, दिवाणखाना रिकामा करून सतरंज्या घातल्या होत्या. बुवांमागे झांज घेऊन उभा राहणार होता तो चारुदत्त.

गुरुवारी दाब अडल्यासारखा दिसला. साहेब म्हणाले, "चार्ली, संपली म्हणून लिही अन् विमान पकड. कोण विचारतंय?"

सुनेत्राचाही फोन आला. "अडलाय ना? मग या की! झांज कोण धरणार? अमितभावजींना ताल म्हणजे काय ते ठाऊक नाही."

"काटा किंचित हललाय गं."

"किंचित?"

"मला तरी हललेला दिसतोय."

"वा! बायकोपेक्षा काटा प्यारा." ती हसली, पण फोन लवकर ठेवला.

जिवंत विहीर मेली म्हणून लिहायला त्याचा हात होईना.

शुक्रवार बर्फात गेला. विहिरीची देखरेख करणारा म्हातारा अर्ल आणि तो, दोघं गाडीत हीटर लावून बसले. दाबाचा काटा मुंगीच्या पावलांनी चढत होता. शनिवारी दुपारी शंकाच उरली नाही. दगड देत होता.

"माझी नोकरी वाचली, चार्ली!" अर्ल म्हणाला. "तुझं तोंड का असं, कुणी गेल्यासारखं?"

पेट्रोल पंपावरच्या फोनवरून चारुदत्तने घरचा नंबर फिरवला. वसंतापर्यंत येत नाही, एवढंच सांगायचं होतं. घंटा वाजत राहिली. फोन स्वयंपाकघरात, बाहेर गजर चालला असणार, चिपळ्या, टाळ्या, सगळ्यांचे चढलेले आवाज. त्याच्याच घरात त्याचा फोन कुणाला ऐकू जात नव्हता. त्याने रिसीव्हर बराच वेळ कानाशी धरला, मग हळूच ठेवून दिला.

"उचलत नाहीत?" अर्लने विचारलं.

"सगळे देवाचं नाव घेतायत."

"मग परत लाव ना."

"नको. रंगलेला गजर मोडू नये."

अर्लने जरा विचार केला. "त्यात करायचं काय असतं?"

"टाळ्या वाजवायच्या. एका तालात."

अर्लने हातमोजे काढले आणि दोन-चारदा टाळ्या वाजवल्या. उघड्या माळावर तो आवाज कुठल्या कुठे विरला.

"बरोबर?"

"बरोबर," चारुदत्त म्हणाला. "पण पुष्कळ माणसं लागतात."