जेवणघरातला गार रेडिएटर

"वरच्या मजल्यावरचे सगळे तापतायत?" नेविलने जेवणघरातल्या, खोली उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरपाशी गुडघे टेकत विचारलं.

"हो. खालचे दोनच गार आहेत. हा आणि बैठकीतला," कर्स्टी म्हणाली. "डॅड, जरा लवकर होईल ना? डोमिनिकचे आईवडील जेवायला येतायत. पहिल्यांदाच."

सकाळी फोनवर तिने एवढंच सांगितलं होतं की घर गार पडलंय. रविवार असूनही नेविल कामाचे कपडे चढवून बार्न्सलीहून हॅरोगेटला आला होता. आता त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं. इस्त्रीचं टेबलक्लॉथ, उंच ग्लास आणि चार जणांची मांडणी. त्याने पाहिलं, हे कर्स्टीनेही पाहिलं. पिशवीतून छोटी चावी काढून त्याने रेडिएटरच्या टोकाचा स्क्रू सैल केला. फुसफुस झाली नाही, थेट पाण्याचा थेंब आला.

"हवा अडकलेली नाही," तो म्हणाला. "उन्हाळाभर बंद होता का?"

"असेल. आठवत नाही."

"मग व्हॉल्व्हची पिन चिकटलीय."

आधी बैठकीतला झाला. मग जेवणघरातल्या व्हॉल्व्हची प्लास्टिकची टोपी त्याने फिरवून काढली. आतली बारीक पिन खाली रुतून बसली होती. पान्याच्या दांड्याने तो बाजूने हलकेच ठोकत होता, तेवढ्यात दाराची बेल वाजली. कर्स्टीचा जोडीदार डोमिनिक वाइन आणायला गेला होता. पाहुणे लवकर आले होते.

डोमिनिकची आई, सिल्व्हियाबाई, कोट न काढताच आत आल्या. त्यांच्यामागे त्यांचे यजमान. "बापरे, किती गारठा आहे गं इथे," म्हणता म्हणता त्यांना जमिनीवर बसलेला माणूस दिसला. त्यांनी हसून कर्स्टीकडे पाहिलं, आता ही ओळख करून देईल अशा नजरेने.

कर्स्टी टेबलावरचा एक ग्लास सरळ करू लागली. नेविलने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"हीटिंगवाला, बाई," तो म्हणाला. "होतच आलंय."

"हो," कर्स्टी म्हणाली. "सकाळपासून गार होतं."

"रविवारी माणूस मिळाला तुला? आमच्याकडे तर कुणी फोनही उचलत नाही. यांचा नंबर देऊन ठेव मला."

"देते," कर्स्टी म्हणाली.

पिन सुटून वर आली. नळीतून पाणी सरसरत गेलं. नेविलने रेडिएटरवर पालथा हात ठेवून अंदाज घेतला, सांडलेले थेंब आपल्या फडक्याने पुसले आणि पिशवी उचलून तो स्वयंपाकघराच्या दाराकडे वळला. कर्स्टी मागोमाग गेली.

"डॅड, थांब ना," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"असल्या कपड्यांत? जा तू, ते एकटे बसलेत." ओव्हनकडे पाहून तो म्हणाला, "मटणाचा वास छान सुटलाय." आणि बाहेर पडून त्याने मागचं दार ओढून घेतलं.

डोमिनिक आला तेव्हा सगळे टेबलाशी बसले होते. "कर्स्टी, तुझे डॅड निघून का गेले?" बाटली ठेवत त्याने विचारलं. "कोपऱ्यावर गाडी थांबवून मी म्हटलं, जेवून जा. तर म्हणाले, घाई आहे."

सिल्व्हियाबाईंनी कर्स्टीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. ती नजर काढून घेणंच कर्स्टीला जास्त लागलं. तिचे कान तापले. खोलीही आता उबदार झाली होती. डोमिनिकच्या वडिलांनी उठून कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"बटाटे छान झालेत," ते म्हणाले.

पाहुणे गेल्यावर डोमिनिक भांडी घासायला लागला. ती पायऱ्यांवर बसली आणि तिने फोन लावला.

"गरम आहेत ना दोन्ही?" नेविलने उचलताच विचारलं.

"आहेत."

"मग झालं."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मनात जुळवलेली माफी तिने तशीच सोडून दिली.

"डॅड, पुढच्या रविवारी येशील?"

टीव्हीचा आवाज कमी झाला.

"येईन की, पोरी," तो म्हणाला. "आता कुठला गार पडलाय?"