निळ्या कापडाखालचा अर्धा तास

सकाळी सात. शाळेच्या फाटकाशी चाळीसेक पालक रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात मुलाच्या परीक्षेच्या प्रवेशपत्राची प्रत.

सूचनाफलक : 'नववीची दुपारची अर्ध्या तासाची झोप बंद. त्या वेळात सराव-पेपर.' खाली वर्गशिक्षिका म्हणून सही माझी.

रांग होती ती टॉवेलएवढ्या निळ्या सुती कापडासाठी.

पालकांच्या ग्रुपवर क्वान-यूची आई : 'आमच्याचे गुण एकसष्टवरून चौऱ्याहत्तर झाले. ज्यांनी कापड घेतलं नाही त्यांनी नंतर रडू नये.'

आपल्या गॅरेजात स्कूटरचं चाक खोलता खोलता युन-च्याओचे वडील : "वेनचांग देवाकडे विद्या मागायची तर देऊळ आहे की कोपऱ्यावर. मधे हा दलाल कशाला?"

रांगेच्या टोकाला कापडं विकणारे, पिवळ्या जाकिटातले लियाओ गुरू. "एकशेआठ दिवस धूप दिलाय. सकाळचा धडा डोक्यात भिरभिरत असतो. याच्याखाली डोळे मिटा, मनातल्या मनात देवाला धडा सांगा. बसलाच समजा, चिकटपट्टीवर माशी बसते तसा."

"परत उडणार नाही ना?" मागून कोणीतरी.

"माझ्या कापडावरून नाही."

मी वेन, नववी-तीनची वर्गशिक्षिका. माझ्या चौतीस मुलांपैकी तेवीस कापडवाली. त्यांच्यासाठी मुख्याध्यापक चान सरांनी दुपारी वर्गाचे पडदे ओढून घ्यायला परवानगी दिली. उरलेली अकरा व्हरांड्यात पेपर सोडवत बसायची. तीन आठवड्यांत कापडवाले वर चढले, व्हरांड्यातले घसरले. त्यांतली युन-च्याओ सगळ्यांत खाली. शेवटच्या अकरा जणांना महिनाअखेरीस मागच्या वर्गात पाठवायचं ठरलं. मागच्या वर्गात शिकवत नाहीत, परीक्षेपर्यंत मुलं नुसती सांभाळतात.

"हा धडा सकाळीच झाला ना?" मी व्हरांड्यात युन-च्याओला विचारलं. "लक्ष कुठं होतं?"

"धड्यावरच होतं, बाई. मग पेपर, मग घंटा, मग लगेच दुसरा पेपर. सकाळचं आठवून बघायला वेळच नसतो."

"आणि आतले?"

"ते झोपतात."

"गुरुजी त्याला ध्यान म्हणतात."

"क्वान-यू घोरतो, बाई. इथवर ऐकू येतं."

मी खाली बसले. पुस्तक मिटून धडा आठवला की तो पक्का होतो, वर झोप मिळाली तर आणखी पक्का. पेपरावर पेपर चढवला की खालचा विरतो. प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी हे शिकले होते मी. परीक्षेच्या भीतीनं आम्हीच मुलांची झोप काढून घेतली, आणि गुरूंनी तीच निळ्या रंगात परत विकली. पण हे बोलायचं तर आधी फलकावरच्या सहीबद्दल बोलावं लागणार. चान सर म्हणणार, मग तेव्हा का नाही सुचलं? पालक म्हणणार, बाई मत्सरी आहेत. आठवडा तसाच गेला. रोज व्हरांड्यातून जाताना युन-च्याओ मान वर करायची आणि मी घड्याळ बघायचे.

पालकसभेत मी एकच प्रश्न विचारला. "गुरुजी, कापड जागेपणी चालतं का?"

लियाओ गुरू हसले. "शक्ती कापडात आहे, बाई. तिला झोपेची काय गरज?"

क्वान-यूची आई लगेच उठली. "मग अर्धा तास वाया का घालवायचा? कापड डोक्याला बांधा आणि पेपरही सोडवा. दोन्ही फायदे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरूंचं हसू थोडं आखडलं, पण शब्द मागे घेणार कसा?

सोमवारपासून तेवीस मुलं निळी डोकी घेऊन व्हरांड्यात. माझी अकरा आता रिकाम्या वर्गात. त्यांना एवढंच सांगितलं : पुस्तक मिटा, सकाळचं जेवढं आठवतं तेवढं मनात सांगा, मग बाकावर डोकं टेका.

दोन आठवड्यांनी गुण लागले. व्हरांड्यातले पुन्हा घसरले. फक्त डोकी बदलली होती.

"कापड कोणी धुतलं असेल," पुढच्या पालकसभेत गुरू म्हणाले.

"कोणी नाही धुतलं," क्वान-यूची आई.

"तेच तर. दर शनिवारी धुवायला हवं."

मागच्या बाकावरून युन-च्याओचे वडील म्हणाले, "गेल्या महिन्यात कुठल्या शनिवारी धुतलं होतं, गुरुजी?"

गुरूंनी जाकीट उचललं आणि ते दाराकडे निघाले.

मग मी उभी राहिले आणि आधी सहीबद्दल बोलले, मग झोपेबद्दल. चान सर मागच्या वर्गाची यादी बघत होते. नव्या गुणांनी पहिलं नाव क्वान-यूचं निघत होतं. त्यांनी कागदाची चौघडी करून ती खिशात घातली. "झोप चालू करा. प्रायोगिक म्हणून."

एवढंच सांगणं आहे. कोणी स्मरणशक्ती विकायला आलं तर विचारा, त्याची वस्तू नसताना काय होतं, आणि नुसती ती काढून बाकी सगळं तसंच ठेवलं तर काय होतं. हे तपासायला गुरू लागत नाही.

पुढच्या महिन्यात, सगळी मुलं दुपारी झोपत होती तेव्हा, युन-च्याओ वर्गात सातवी होती.