शंखाआधी घर

शंख वाजला आणि लोसा धावता धावता रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. बसावंच लागतं. अमेरिकन सामोआतल्या त्यांच्या गावात संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख झाला की जो जिथे असेल त्यानं तिथेच थांबायचं, गाड्यांनीसुद्धा. नियम मोडला तर दंड अख्ख्या घराला. घर अजून पार वळणापलीकडे होतं, आणि आजही ती पोचली नव्हती.

“बसा, जनरलबाई, बसा,” काठी टेकून रस्त्यावर पहारा देणारा तोमासी म्हणाला. तो तिचा चुलतभाऊ, तिच्याच घरात वाढलेला. “अमेरिकेत पण अशीच बसणारेस का? चटई आणून देतील हो तुला!”

“गप रे. प्रार्थना चाललीय.”

पण डोळे मिटले तरी तिचं स्वतःचंच लक्ष प्रार्थनेत लागेना. पुढच्या आठवड्यात विमान. अमेरिकेतल्या लष्करी अकादमीत शिकायला जायचं होतं, आणि तिथले सुरुवातीचे आठवडे म्हणजे पळणं, पळणं आणि डोक्यावर कुणीतरी ओरडत असणं. जो मागे पडला तो घरी. गेल्या साली सिमी असाच परत आला. जाताना त्याच्यासाठी गावानं डुकरं कापली होती. आता त्याच्याशी कुणी धड बोलत नाही, चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसतो. लोसाला उठता-बसता तो बाक दिसायचा. त्या बाकावर सिमीच्या शेजारी जागा रिकामी होती.

म्हणून तिनं स्वतःशीच पैज लावली होती. शाळेच्या मैदानावर सराव संपल्याची शिट्टी झाली की सुटायचं आणि शंखाआधी घर गाठायचं. सुरुवातीला ती वळणापर्यंत तरी यायची. मग महिनाभर इतका घाम गाळला आणि झालं काय, तर रोज थोडी मागेच! परवा नारळाच्या खोपटापाशी बसावं लागलं, आज तर त्याच्याही अलीकडे. हे सांगायचं कुणाला?

इथली प्रार्थना संपत आली होती, तेवढ्यात खाडीपलीकडच्या गावचा शंख ऐकू आला. लोसानं मान वर केली. पूर्वी दोन्ही गावांचे शंख एकदमच वाजायचे. समुद्रावर सूर्य अजून चांगला वर होता.

“तोमासी, आपला शंख आज लवकर झाला का रे?”

“आज? महिनाभर रोज थोडा थोडा आधीच होतोय. फुंकतात काका, त्यांना विचारायची कुणाची छाती आहे? शेजारच्या म्हातारीला चूल सोडून उठावं लागतं, अळकुड्या रोज कच्च्या राहतात. शिव्या घालते नुसत्या.”

काका म्हणजे लोसाचे बाबा. ती बघतच राहिली आणि मग एकदम हसायला लागली. अगं बाई! म्हणजे आपण मागे पडत नव्हतोच!

घरी आई खोवणीवर नारळ खोवत बसली होती. बाबा अंगणात पाठमोरे, शंख धूत होते.

“आई, बाबा कसले लबाड आहेत! माझा वेग वाढावा म्हणून शंख लवकर फुंकतात. आणि मी वेडी रडत बसलेय!”

आईचा हात थांबला. तिनं अंगणाकडे पाहिलं.

“पळवत नाहीयेत ते तुला,” ती हळूच म्हणाली. “बसवताहेत. तुझी रोजची शर्यत कळलीय त्यांना. कंटाळून तूच म्हणशील, नको जायला.”

“पण ते स्वतः गेले होते की फौजेत!”

“गेले होते ना. तोमासीच्या बापाला सोबत घेऊन. येताना एकटे आले.” आई पुन्हा खोवायला लागली.

लोसाच्या डोक्यात तिडीक गेली. रात्र रात्र झोप नाही आपल्याला, भीतीनं अर्धी झालेय मी, आणि हे कारस्थान घरातलंच? तरातरा ती दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. शंख केव्हाच स्वच्छ झाला होता. बाबा तो धूतच होते.

ती तशीच आत परतली.

दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली आणि ती सुटली. कान सगळे शंखाकडे. आता वाजेल, मग वाजेल. कालची जागा गेली. खोपट गेलं. पाय थांबेनात. वळणावर तोमासी काठी हवेत नाचवत ओरडत होता.

“पळ गं, पळ! वाजला नाही अजून!”

वळणापलीकडे, घरासमोरच्या गवतात बाबा शंख घेऊन उभे होते. खाडीपलीकडचा शंख वाजूनसुद्धा गेला होता. दारादारांतून बायका वाकून बघत होत्या. लोसा घरात शिरली नाही. ती बाबांसमोर येऊन थांबली.

“बाबा, पोचले.”

“दिसतंय.”

“फुंका ना मग. लोक खोळंबलेत.”

बाबांनी शंख ओठांना लावला. गाल फुगले आणि नुसती हवा निघून गेली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. 

“दम नाही उरला गं,” ते म्हणाले.

पळत आली होती ती, आणि दम उरला नव्हता त्यांना.

तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “सावकाश, बाबा. आधी श्वास घ्या.”

बऱ्याच वेळानं शंख वाजला. आवाज फाटका होता, पण वाजला. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, दारांतल्या बायका आत गेल्या. घर चार पावलांवर होतं. बापलेक होती तिथेच गवतात बसली.