दुसऱ्या बेसचे दोन राखणदार

ऑरिन आणि डेल्मर यांचं बोलणं बंद होऊन दोन महिने झाले होते, आणि वेल्बी गावाला करमणुकीला दुसरं काही लागत नव्हतं. बेसबॉलच्या मैदानावर दुसऱ्या बेसच्या उजवीकडे ऑरिन उभा, डावीकडे डेल्मर. शाळेपासून दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

ऑरिनची आई गेली तेव्हा दफनाला सगळं गाव लोटलं. आला नाही तो डेल्मर. तिच्या हातचे पॅनकेक खाऊन वाढलेला! ऑरिनने त्याच दिवशी ठरवलं, याचं तोंड पाहायचं नाही.

पण पाहावं तर लागेच. समोरच्या संघाचा गडी पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर चोरून पळाला, तर फलंदाजामागच्या कॅचरने फेकलेला चेंडू झेलून त्याला टिपायला दोघांपैकी बेसवर कोणी धावायचं, हे डेल्मर ठरवी. ग्लव्हच्या आड चेहरा धरून तो ऑरिनला खूण करी. तोंड मिटलेलं तर मी, उघडं तर तू.

रविवारच्या सामन्यात डेल्मरचा शर्ट नेहमीसारखा बाहेर लोंबत होता. ऑरिनची आई असती तर कठड्याशी बसून ओरडली असती. ती नव्हती, म्हणून की काय, ऑरिनच्याच तोंडून निघून गेलं, "डेल्मर, शर्ट खोच आधी! उकिरड्यावरून आलास का?"

शब्दन् शब्द आईचा. डेल्मरने शर्ट खोचला आणि खूण करायला ग्लव्ह वर धरला. तोंड उघडं नव्हतं, मिटलेलंही नव्हतं. ओठ नुसते थरथरत होते.

तेवढ्यात पहिल्या बेसवरचा गडी सुटला. काही न कळून दोघेही धावले आणि बेसवर एकमेकांवर आदळले. कॅचरने फेकलेला चेंडू त्यांच्या डोक्यांवरून गेला, गडी आरामात तिसऱ्या बेसवर पोचला. पंचांनी खेळ थांबवला.

"मी आलो होतो रे," धुळीत पडल्या पडल्या डेल्मर म्हणाला. "चर्चच्या दारापर्यंत. गाडीतच बसून राहिलो. काकूंना पेटीत बघायचा धीरच होईना."

"पुढच्या बाकावर तुझी जागा धरली होती मी, गाढवा!" ऑरिन म्हणाला. "पाद्रीबाबाही थांबले होते तुझ्यासाठी."

डेल्मर हुंदके देऊ लागला.

"मोडलं का रे काही?" बाकावरून प्रशिक्षक ओरडले.

"काही नाही!" ऑरिनने डेल्मरला हात देऊन उठवलं, पाठीवरची माती झटकली. "उद्या सकाळी जाऊ दोघं आईच्या कबरीवर. मलाही अजून एकट्याला जाववलं नाहीये."